मार्च एंडची एक पॉलिसी: सोलापुरातल्या एका एजन्सी मॅनेजरचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका मोठ्या आरोग्य विमा कंपनीच्या सोलापूर शाखेतलं आहे. कंपनीचं आणि माणसांचं नाव देत नाही. ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत. एजन्सी मॅनेजर, त्याच्या हाताखालची एजंट आणि ग्राहकाचा मुलगा या तिघांशी मी सविस्तर बोललो. कंपनीची बाजू पत्रं आणि मेल यांतूनच समजली. आरोग्य विम्यावर लिहिलं जातं ते बहुतेक ग्राहकाच्या बाजूने, आणि ते योग्यच आहे. पण काउंटरच्या अलीकडे बसणाऱ्या माणसावर काय येतं, हे कुणी फारसं विचारत नाही. या प्रकरणात ग्राहकाचं नुकसान आणि कर्मचाऱ्याची कोंडी एकाच फोन कॉलमधून सुरू झाली, म्हणून ते मांडतो आहे.

मॅनेजर तिशीतला, सोलापूरच्या पूर्व भागातला. घरी तेलुगू, बाहेर मराठी, गरज पडली तर कन्नडही. आधी एका मायक्रोफायनान्स कंपनीत वसुलीला होता. विमा कंपनीत आला तेव्हा घरच्यांना बरं वाटलं, कारण वसुलीच्या कामात रोज कुणाच्या तरी दारात वाईटपणा घ्यावा लागायचा.

एजन्सी मॅनेजर हा पगारी कर्मचारी, एजंट कमिशनवर. मॅनेजरने एजंट शोधायचे, त्यांच्याकडून आयसी-38 ही एजंट होण्यासाठीची परीक्षा पास करून घ्यायची, पॉलिसी विकण्यासाठीचा एजंट कोड काढून द्यायचा आणि मग त्यांच्याकडून धंदा आणायचा. सकाळी साडेनऊला कॉल, संध्याकाळी सातला आकडा व्हॉट्सॲप ग्रुपवर. ज्याचा आकडा शून्य, त्याला ग्रुपवर सगळ्यांसमोर कारण लिहावं लागतं. दोन तिमाही टार्गेट चुकलं की पीआयपी लागतो. कागदावर ती कामगिरी सुधारण्याची योजना असते, शाखेत तिचा अर्थ ‘दुसरीकडे बघायला लाग’ असाच घेतला जातो.

क्लेमचा निर्णय सोलापुरात होत नाही. तो दुसऱ्या राज्यातल्या कार्यालयात होतो. शाखेतल्या माणसाला स्क्रीनवर फक्त स्टेटस दिसतं: क्वेरी, अप्रूव्ह्ड, रिजेक्ट. क्लेम नाकारला गेला की लोक मात्र शाखेतच येतात, कारण पॉलिसी विकणारा चेहरा तिथे असतो. हा मॅनेजर ज्या गल्ल्यांत विमा विकायचा तिथेच लहानाचा मोठा झाला होता. साखर पेठेत, कन्ना चौकात, अशोक चौकात त्याला लोक अण्णा म्हणून ओळखतात. कंपनीला हेच हवं होतं, कारण ओळखीवर पॉलिसी विकली जाते. त्या ओळखीचं ओझं वाहणं मात्र त्याच्या एकट्यावर होतं.

त्याची सगळ्यात चांगली एजंट म्हणजे एक पंचेचाळिशीच्या बाई. सगळे त्यांना अक्का म्हणतात. त्यांच्या आईने आयुष्यभर विड्या वळल्या. अक्का बचत गट आणि भिशी चालवत विम्यात आल्या. भिशीचे पैसे कधी इकडचे तिकडे झाले नाहीत, एवढ्या भांडवलावर त्यांनी पॉलिसी विकल्या.

अडचण कशी उभी राहिली

30 मार्च 2024, शनिवार, रंगपंचमी. आर्थिक वर्षाचे शेवटचे दोन दिवस शनिवार-रविवार आल्याने विमा नियामक प्राधिकरणाने, म्हणजे आयआरडीएआयने, विमा कंपन्यांना शाखा उघड्या ठेवायला सांगितलं होतं. बाहेर रस्ते रंगाने भिजलेले, आत शाखेत सगळे लॅपटॉपसमोर. मॅनेजरचं तिमाहीचं टार्गेट थोडक्यात अडलं होतं.

दुपारी अक्कांचा मेसेज आला. टॉवेलचे चार माग असलेलं एक कुटुंब तयार झालं होतं. वडील 58 वर्षांचे, आई, मुलगा, सून, एकत्र 5 लाखांची फ्लोटर पॉलिसी. मेसेजच्या शेवटी एक ओळ होती: “साहेब, वडिलांना शुगरची गोळी चालू आहे. टाकायची का?”

त्याने उत्तर लिहिलं, “कॉल करतो.”

कॉलवर काय झालं ते दोघांनीही मला सारखंच सांगितलं. त्याने विचारलं, “ॲडमिट झालेत का कधी?” अक्का म्हणाल्या, “नाही, साधी एक गोळी आहे.” तो म्हणाला, “मग राहू द्या अक्का. ‘हो’ केलं की मेडिकल मागणार, फाईल एप्रिलमध्ये जाणार.” अक्कांनी मोबाईलवर फॉर्म भरला. आजारांचे सगळे प्रश्न ‘नाही’. फॉर्म इंग्रजीत होता. ओटीपी मुलाच्या फोनवर गेला. तो नुकताच रंग खेळून घरी आला होता, त्याने आकडा वाचून दाखवला. कायद्याच्या नजरेत ही त्याची सही झाली.

पुढे दीड वर्ष काही झालं नाही. मार्च 2025 मध्ये पॉलिसी रिन्यूही झाली.

ऑगस्ट 2025 मध्ये वडिलांना ताप आला, दोन दिवसांत दम लागायला लागला. खासगी रुग्णालयात दाखल केलं, न्यूमोनिया निघाला. रात्री निवासी डॉक्टरने नेहमीचे प्रश्न विचारले. वडिलांनी शर्टाच्या खिशातून गोळ्यांची पट्टी काढून दाखवली आणि सांगितलं, सहा वर्षं घेतोय. डॉक्टरने केस पेपरवर लिहिलं: मधुमेह, 6 वर्षे.

रुग्णालयाच्या विमा डेस्कने कॅशलेसची, म्हणजे कंपनीने थेट रुग्णालयाला बिल द्यावं अशी, विनंती पाठवली. मे 2024 च्या परिपत्रकानुसार कंपनीने कॅशलेसबद्दल एका तासात कळवायचं असतं. कळवलंही वेळेत, पण क्वेरी होती: मधुमेह कधीपासून, जुने कागद पाठवा. कागद गेले आणि कॅशलेस नाकारलं गेलं. कुटुंबाने सोनं गहाण ठेवून आणि सुताच्या व्यापाऱ्याकडून उचल घेऊन पावणेदोन लाखांच्या आसपासचं बिल भरलं. नंतर रिइम्बर्समेंटचा, म्हणजे भरलेलं बिल परत मिळवण्याचा, क्लेम टाकला, तोही रिजेक्ट. कारण: पूर्वीचा आजार लपवला. सोबत पॉलिसी रद्द करण्याची नोटीस.

न्यूमोनियाला प्रतीक्षा काळ नसतो, पहिले 30 दिवस सोडले तर. पूर्वीपासूनच्या आजाराला आणि त्यातून उद्भवणाऱ्या गुंतागुंतीला थांबावं लागतं. तेव्हा कमाल मर्यादा 4 वर्षांची होती, 1 एप्रिल 2024 पासून ती 3 वर्षांवर आली. म्हणजे फॉर्मवर शुगर लिहिली असती तर प्रीमियम थोडा वाढला असता, मधुमेहाच्या उपचारांना थांबावं लागलं असतं, पण न्यूमोनियाचा क्लेम मंजूर होण्याची पुरेपूर शक्यता होती. ‘राहू द्या’ या दोन शब्दांनी ग्राहकाचा काहीही फायदा झाला नव्हता. फायदा झाला तो मार्चच्या आकड्याचा.

मुलगा शाखेत आला तेव्हा त्याने आरडाओरडा केला नाही. तो म्हणाला, “अण्णा, बाबांनी अक्कांना सांगितलं होतं शुगर आहे म्हणून. मग आम्ही लपवलं कुठे?” मॅनेजरला याचं उत्तर माहीत होतं आणि मेसेज त्याच्या फोनमध्ये होता.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय सगळ्यात सोपा: कंपनीचा निर्णय आहे, माझ्या हातात काही नाही. हे अर्धं खरंही होतं. पाच वर्षांचा मोरेटोरियम, म्हणजे पॉलिसी सलग चालू राहण्याची ठरलेली मुदत, पूर्ण होण्याआधी आजार लपवल्याच्या कारणावरून कंपनी क्लेम नाकारू शकते. शिवाय चॅटमध्ये फक्त प्रश्न होता, उत्तर तोंडी दिलेलं होतं. तो नाकबूल गेला असता तर सिद्ध करणं अवघड होतं.

दुसरा पर्याय एरिया मॅनेजरने सुचवला. “फॉर्म एजंटने भरलाय. तिच्यावर घे, कोड बंद करू, विषय संपेल.” एरिया मॅनेजरला खलनायक ठरवणं मला पटत नाही. त्यालाही वरून आकडा होता आणि प्रत्येक तक्रार त्याच्या खात्यावर चढत होती. पण त्याचं सुचवणं स्पष्ट होतं: शिडीवर जो सर्वांत खाली, त्याने पडायचं.

तिसरा पर्याय आपसात मिटवण्याचा. मॅनेजर आणि अक्कांनी मिळून काही रक्कम कुटुंबाला द्यायची, कुटुंबाने तक्रार करायची नाही. या धंद्यात हे घडतं. मंथ एंडला ग्राहकाचा काही प्रीमियम खिशातून भरणं जसं घडतं, तसंच. विमा कायद्याच्या कलम 41 नुसार प्रीमियमवर अशी सूट देणं गुन्हा आहे आणि दंड 10 लाखांपर्यंत होऊ शकतो, तरी शाखेत त्याची चर्चा चहाबरोबर होते. मिटवण्यात आणखी एक तोटा होता. पॉलिसी रद्दच राहिली असती, आणि साठीला आलेल्या, मधुमेह असलेल्या, एकदा रिजेक्ट झालेल्या माणसाला नवी पॉलिसी सहजी कुणी देत नाही.

चौथा पर्याय: कुटुंबाला तक्रारीची वाट दाखवायची, स्वतः मागे राहायचं.

पाचवा: जे घडलं ते कंपनीला लेखी कळवायचं.

घरी बायकोचं म्हणणं चौथ्या पर्यायाच्या बाजूने होतं. घराचा हप्ता चालू, मुलगी पहिलीत. ती मला म्हणाली, “खरं बोलायला माझी ना नव्हती. पण खरं बोलल्यावर कंपनी काय करते, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.” हे वाक्य प्रत्येक विमा कंपनीच्या मनुष्यबळ विभागाने वाचावं असं मला मनापासून वाटतं. कंपनीच्या संकेतस्थळावर व्हिसलब्लोअर धोरण, म्हणजे आतली चूक उघड करणाऱ्यांसाठीचं धोरण, होतं. शाखेतल्या एकालाही ते वापरल्याचं उदाहरण माहीत नव्हतं.

केलेली कृती

तो आधी चौथ्या वाटेने गेला. मुलाला तक्रार लिहायला मदत केली: क्लेम नाकारण्याचा निर्णय तीन सदस्यांच्या क्लेम पुनरावलोकन समितीने घेतला का, पत्रात पॉलिसीतलं नेमकं कलम का दिलेलं नाही, न्यूमोनियाचा मधुमेहाशी संबंध कोणत्या आधारावर जोडला. मुद्दे चांगले होते. तक्रार कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे आणि आयआरडीएआयच्या बीमा भरोसा या तक्रार पोर्टलवरही गेली. सप्टेंबरच्या मध्यात उत्तर आलं: निर्णय कायम.

त्याच दिवसांत शाखेत वेगळीच धांदल होती. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा 18 टक्के जीएसटी शून्य होणार होता. लोक प्रीमियम भरायला थांबले होते, एजंट वैतागले होते, आणि 22 नंतर किती धंदा येणार याचे आकडे रोज मागितले जात होते. अशा आठवड्यात कुणी प्रामाणिकपणाचा विषय काढला तर तो अडथळा वाटतो. मॅनेजर म्हणाला, “मला सारखं वाटत होतं की हे झालं की बघू. मार्चमध्येही मी हेच म्हणालो होतो.”

निर्णयाचा खरा क्षण अक्कांच्या घरी आला. मेसेज बाहेर आला तर त्याच्याआधी त्यांचा कोड जाईल हे त्याला कळत होतं. म्हणून काहीही पाठवण्याआधी तो त्यांना विचारायला गेला. अक्का शेंगा निवडत बसल्या होत्या, त्यांनी सूप बाजूला ठेवलं. त्या म्हणाल्या, “साहेब, मी त्याच गल्लीत राहते. त्या घराच्या पुढून रोज जाते. पाठवा तुम्ही.” मग थोड्या वेळाने विचारलं, “पण माझं एकटीचं नाव जाणार नाही ना?” त्याने शब्द दिला.

त्याने तक्रार निवारण अधिकाऱ्याला आणि व्हिसलब्लोअरच्या पत्त्यावर मेल पाठवला. मेल छोटा होता. ग्राहकाने मधुमेह सांगितला होता, एजंटने मला विचारलं, मी तोंडी ‘राहू द्या’ म्हणालो, चॅटचा स्क्रीनशॉट सोबत. टार्गेटचा उल्लेख त्याने एका ओळीत केला. मी विचारलं, एवढाच का? तो म्हणाला, जास्त लिहिलं असतं तर ते रडगाणं वाटलं असतं.

इथे त्याने एक काळजी घेतली, ती इतरांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे. कंपनीचे अंतर्गत मेल, स्क्रीन, ग्राहकाच्या फाईलची प्रत, काहीही त्याने कुटुंबाच्या हातात दिलं नाही. तसं केलं असतं तर मूळ विषय बाजूला राहून माहिती फोडल्याची चौकशी लागली असती. चॅट अक्कांच्या फोनमध्येही होतं, आणि त्यांनी ते स्वतःच्या नावाने कुटुंबाला दिलं.

कुटुंबाने पुण्याच्या विमा लोकपालांकडे तक्रार केली. सोलापूर त्यांच्याच कक्षेत येतं. लोकपालांकडे फी नसते, वकील लागत नाही, 50 लाखांपर्यंतचा दावा चालतो, आणि कंपनीच्या अंतिम नकारानंतर एका वर्षाच्या आत जावं लागतं. एजंटला सांगितलं म्हणजे कंपनीला सांगितलं, असं आपोआप धरलं जात नाही, कारण फॉर्म ग्राहकाच्या नावाने असतो. म्हणूनच मॅनेजरच्या लेखी कबुलीला वजन आलं.

कंपनीने अंतर्गत चौकशी लावली. तो सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला गेला. चौकशीत सगळ्यात जास्त वेळ एकाच प्रश्नावर गेला: क्लेम रिजेक्ट झाल्यावर लगेच का सांगितलं नाही? मार्चच्या त्या दोन दिवसांत त्याला किती कॉल आले होते, कुणाचे आले होते, हे कुणी विचारलं नाही.

निष्पत्ती

लोकपालांसमोर प्रकरण मध्यस्थीने मिटलं. कंपनीने क्लेम मान्य केला, विम्यात न बसणाऱ्या वस्तूंचे पैसे कापून बाकी रक्कम दिली. पॉलिसी चालू राहिली, त्यात मधुमेहाची नोंद झाली, पुढच्या रिन्यूअलपासून लोडिंग, म्हणजे जादा प्रीमियम, लागेल असं ठरलं. पैसे संक्रांतीच्या आधी खात्यात आले. गड्ड्याची जत्रा भरली तेव्हा कुटुंबाने गहाण ठेवलेलं सोनं सोडवलं होतं, व्यापाऱ्याची उचल मात्र अजून फिटायची होती.

मॅनेजरला काढलं नाही. लेखी ताकीद मिळाली, दोन तिमाहींचा इन्सेंटिव्ह गेला. रिव्ह्यू कॉलवर त्याच्याशी कुणी वाईट बोललं नाही, पण चांगले एजंट हळूहळू दुसऱ्या मॅनेजरकडे वळवले गेले आणि टार्गेट तेवढंच राहिलं. काही महिन्यांत त्याने राजीनामा दिला. आता तो सोलापुरातल्याच एका रुग्णालयात कॅशलेस डेस्कवर आहे, पगार कमी आहे. एरिया मॅनेजरच्या नोंदीवर काहीही आलं नाही, कारण त्याने जे सुचवलं ते फोनवर सुचवलं होतं.

अक्कांना कारणे दाखवा नोटीस आली आणि त्यांचा कोड रद्द झाला. त्यांच्या जुन्या ग्राहकांची रिन्यूअल दुसऱ्या एजंटकडे गेली. ज्या बाईने प्रश्न लेखी विचारला, ती या साखळीत सगळ्यात जास्त सरळ वागली होती. तिलाच सगळ्यात मोठी शिक्षा झाली. हे मला चुकीचं वाटतं, आणि कंपनीच्या नियमांत बसत असलं तरी वाटतं.

वेगळं काय करता आलं असतं

30 मार्चच्या कॉलवर खोटं आणि टार्गेट चुकणं यांच्यामध्ये तिसरी वाट होती. आई, मुलगा आणि सुनेची पॉलिसी त्या दिवशी लॉगिन, म्हणजे कंपनीकडे दाखल, करायची, वडिलांची स्वतंत्र पॉलिसी मेडिकल करून एप्रिलमध्ये. मार्चचा आकडा थोडा कमी भरला असता, पण भरला असता. अनुभवी मॅनेजर हे करतात. त्याला हे माहीत नव्हतं असं नाही. संध्याकाळी सातच्या आकड्याला तीन तास उरलेले असताना ते सुचलं नाही, एवढंच तो सांगतो. मला ते पटतं. सलग दोन दिवस दर तासाला आकडा मागितल्यावर माणूस पुढच्या तासापलीकडचं बघत नाही.

दुसरी संधी पॉलिसीचे कागद घरी आले तेव्हा होती. फ्री लूकच्या, म्हणजे कागद बघून पॉलिसी परत करता येण्याच्या, मुदतीत किंवा त्यानंतरही, राहिलेला आजार लेखी कळवून नोंद करून घेता येते. कंपनी लोडिंग लावेल, कदाचित नकार देईल. पण ते निरोगी असताना कळणं आणि ऑक्सिजन लावलेला असताना कळणं यात फार अंतर आहे. एप्रिलमध्ये घाई नव्हती, टार्गेट नवं होतं, आणि एका मेलचं काम होतं. या प्रकरणातली सगळ्यात सहज टाळता आली असती अशी जागा मला हीच वाटते.

अक्कांनी उत्तरही लेखी मागायला हवं होतं. हे म्हणणं सोपं आहे. ज्याच्या हातात आपला कोड आहे त्या साहेबांना ‘लिहून द्या’ म्हणणं कमिशनवरच्या बाईला किती अवघड आहे, हे शाखेत बसलेल्या कुणालाही विचारावं.

कंपनीकडे तर कितीतरी जागा होत्या. फॉर्ममधले आरोग्याचे प्रश्न मराठीत, तेलुगूत, कन्नडमध्ये दाखवता आले असते. ओटीपीआधी ग्राहकाला त्याच्या भाषेत फोन करून ‘गोळी कोणती चालू आहे?’ एवढं विचारता आलं असतं. ‘कोणता आजार आहे का?’ या प्रश्नाला आपल्याकडे शुगरवाला माणूसही नाही म्हणतो, कारण गोळीने शुगर आटोक्यात आहे म्हणजे आपण बरे आहोत, असंच त्याला वाटतं. मार्चच्या शेवटच्या तीन दिवसांत साठीच्या जवळपासच्या सगळ्यांचे फॉर्म पूर्ण निरोगी कसे येतात, हे कुणीतरी तपासायला हवं होतं. आणि स्वतःहून खरं सांगणाऱ्या कर्मचाऱ्याला, एजंटला काय संरक्षण मिळेल, हे शिक्षेच्या तक्त्याइतकंच स्पष्ट लिहिलेलं असायला हवं.

अक्कांनी कोड रद्द करण्याच्या निर्णयावर अपील केलं आहे. हे लिहीपर्यंत निकाल आलेला नव्हता. मॅनेजर आता कंपनीत नाही, त्यामुळे त्याला बोलावण्याचं बंधन कंपनीवर नाही. तरी अपिलासोबत त्याचं सही केलेलं निवेदन जोडलं आहे. त्यात ‘राहू द्या’ हे शब्द माझे होते, असं त्याने लिहून दिलं आहे.